मरण्यासाठी शिवलेला कोट

कामिओने पुन्हा पिस्तूल खाली केलं.

“आता काय झालं?” दिग्दर्शक शिडीवरून ओरडला.

सेटवरची जमीन पिवळीधमक रंगवली होती. वरून कागदी मासे लोंबत होते. त्यांच्याखाली काळ्या कोटातला मारेकरी पांढऱ्या कोटातल्या मारेकऱ्याला संपवणार होता. मासे कशाला, हे दिग्दर्शकाने कुणालाच सांगितलं नव्हतं.

पांढरा कोट इसोगाईच्या अंगावर होता. तसा दुसरा नव्हता. आत छातीशी लाल रंगाने भरलेली पिशवी होती. बार झाला की ती फुटणार, कोट कायमचा जाणार.

“माझ्याच्यानं होत नाही,” कामिओ त्याच्या कानाशी म्हणाला. “तामीने शिवलाय रे हा.”

तामी इसोगाईची बायको. स्टुडिओच्या कपडेपटात शिवणकाम करायची. हा कोट तिने इस्पितळातल्या खाटेवर बसून पुरा केला आणि वसंत सरायच्या आत ती गेली. पोटात कर्करोग होता. डॉक्टरांनी त्या काळच्या जपानी रीतीप्रमाणे तो रोग्याला नाही, फक्त नवऱ्याला सांगितला. इसोगाई तिला शेवटपर्यंत अल्सरच आहे असं सांगत राहिला. हसत तिच्या खोलीत जायचा, हसत बाहेर पडायचा, जिन्यात रडायचा. तिला काही कळलं नाही, एवढंच एक समाधान त्याच्यापाशी उरलं होतं.

“इतकी वर्षं पडद्यावर मला मारतोयस,” इसोगाई म्हणाला, “आणि आज लाज वाटायला लागली होय? तिने तो मरण्यासाठीच शिवलाय. घाल गोळी, गाढवा.”

कामिओने गोळी घातली. इसोगाई असा कोसळला की कट म्हणायचं दिग्दर्शकाच्या ध्यानातच राहिलं नाही.

कपडेपटात कामिओने स्वतःच्या हाताने तो भिजलेला कोट उतरवला.

“सदराही काढ. मी घरी नेऊन धुतो.”

पण सदरा पांढराशुभ्र होता. एक थेंब नाही. कामिओने कोट उलटा केला. पिशवीच्या कप्प्यामागे मेणकापडाचे दोन थर होते, बारीक टाके घालून शिवलेले.

“हे तू सांगितलं होतंस तिला?”

“नाही. आधी कधी नव्हतं असं. मी मरून घरी गेलो की सदरा लाल झालेला असायचा. ती मला शिव्या घालत घासत बसायची. मला हात लावू द्यायची नाही. म्हणायची, डाग काढणं तुझं काम नव्हे.”

“मग या वेळी धुवायला ती नसणार, हे तिला...”



इसोगाई त्या टाक्यांवरून कितीतरी वेळ अंगठा फिरवत राहिला. मग डोळे पुसता पुसता त्याला हसू फुटलं.

“आणि मी समजत होतो, आमच्या घरात नट मी एकटाच.”