शांती मिळाली

"चला, आता शांत बसू आणि देवाचं ऐकू," दादा म्हणाला, आणि सगळ्यात आधी त्यानेच डोळे मिटले.

त्याच्या मागोमाग वहिनीने मिटले, मग मधल्याने. छोटीने मिटले नाहीत. तिचं लक्ष आईच्या खोलीच्या अर्धवट लोटलेल्या दाराकडे होतं. आई आत पलंगावर पडून होती. कमरेचं हाड मोडल्यापासून तिला आधाराशिवाय उठता येत नव्हतं. उद्या सकाळी तिला वृद्धाश्रमात पोचवायचं की नाही, हे बाहेर बसलेले चौघे देवाला विचारत होते.

विचारत होते म्हणजे काय, दादा विचारत होता. या घरात मोठा निर्णय असाच व्हायचा. आधी प्रार्थना, मग मौन, मग आपल्याला काय ऐकू आलं ते एकेकाने सांगायचं. आणि देवाचीही कमाल अशी, की तो नेहमी थोरल्यापासून सुरुवात करायचा. एकदा थोरल्याला ऐकू आलं, की बाकीच्यांना वेगळं काही ऐकू यायची सोयच उरत नसे.

दादाने घसा खाकरला. "मला शांती मिळाली," तो म्हणाला. "तिथे तिची नीट काळजी घेतील. मनातली सगळी खळबळ प्रभूने काढून टाकली."

"मलाही अगदी तसंच वाटलं," वहिनी म्हणाली.

मधल्याने डोळे उघडून दादाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "मलापण," तो म्हणाला. मधला शाळेत शिकवायचा. वर्गात त्याचा आवाज म्हणे पार मैदानापर्यंत जायचा. दादासमोर तो कुठे जायचा, कोण जाणे.

आता सगळे छोटीकडे पाहू लागले. तिचे केस पिकायला लागले होते, तरी या घरात ती छोटीच होती.

"वहिनी," ती म्हणाली, "परवा फोनवर मला पडद्यांचं माप दिलंत, ते कुठल्या खिडकीचं?"

वहिनी सोफ्यावरची उशी सारखी करू लागली.

छोटी पडदे शिवायची. या घरातले सगळे पडदे तिच्याच मशीनवरून उतरलेले. माप कानावर पडताच तिने ओळखलं होतं, ही आईची खिडकी. भाच्याचं, म्हणजे दादाच्या मुलाचं, लग्न ठरलंय, घरात रंगरंगोटी होईल, तेव्हा आईच्या खोलीलाही नवं काहीतरी करत असतील, असं वाटून ती भाबडी खूशही झाली होती. फिकट निळं कापडसुद्धा घेऊन आली. ती खोली भाच्यासाठी रिकामी होणार आहे, हे तिला आज इथे येऊन बसल्यावर कळलं. तेव्हापासून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"पडद्यांचा इथे काय संबंध?" दादाने विचारलं.

"माप परवा घेतलंत, आणि शांती आज मिळाली? दादा, तू देवाला विचारलंस, की नुसतं कळवलंस?"

"तोंड सांभाळून बोल. रोज पहाटे गुडघ्यावर असतो मी."

"आणि आईपाशी?"

"बोलायला काय जातंय तुमचं," वहिनी उसळली. "उचलायचं, पुसायचं, कूस बदलायची, सगळं कोण करतं इथे? माझी पाठ मोडली."

हे मात्र खरं होतं, आणि छोटीला ते माहीत होतं. तिचा आवाज जरा खाली आला. "म्हणूनच म्हणते वहिनी, माझ्याकडे द्या तिला. एकच खोली आहे, पण तळमजल्यावर आहे. मी दिवसभर घरातच असते."

"तुझं ते मशीन दिवसभर खडखडणार. तिला झोप लागेल?" दादा म्हणाला.

"आपण आईलाच..." मधल्याने तोंड उघडलं.

"तिला कशाला मध्ये घेता? उगाच घाबरून जाईल बिचारी." दादाने मधल्याला तिथेच गप्प केलं आणि तो छोटीकडे वळला. चर्चमध्ये नव्या माणसांशी बोलताना काढायचा तो मऊ आवाज त्याने काढला. "तुझं मन कठीण झालंय, छोटे. म्हणून तुला त्याचा आवाज येत नाही. काही हरकत नाही. पुन्हा एकदा बसू."

पुन्हा सगळ्यांनी डोळे मिटले. छोटीने साडीचा पदर मुठीत गच्च धरला. रडू येत होतं, पण या माणसासमोर तिला रडायचं नव्हतं. डोक्यावर पंखा फिरत होता.

"अरे, माझा नंबर कधी?"

आईचा आवाज. आतून, स्वच्छ.

वहिनीचा हात उशीवरच राहिला. दादाने डोळे उघडले नाहीत. "आई, तू पड," तो म्हणाला. "आम्ही देवाचं ऐकतोय."

"मग बाहेर काय करताय?" आईचा आवाज चढला. "आत या की! तो मघापासून इथे माझ्याजवळ बसलाय. त्याला कोणी काही विचारलंच नाहीये अजून."

छोटी उठली. तिच्यामागून मधल्यानेही खुर्ची मागे सारली. खुर्ची वहिनीच्या पायाला लागली, तरी तो थांबला नाही.

दादाने डोळे आणखी घट्ट मिटले.