न मारलेली सोंगटी

चार वाजायला पाच मिनिटं होती. "सुलूच्या नावाने कॉम्प्युटरला खेळायला बसव," सर म्हणाले. "नाहीतर तो तात्यासुद्धा आपला ल्युडो सोडेल."

आमच्या ऑनलाइन ल्युडोच्या कंपनीत लोक खेळ का सोडतात, हे आकड्यांवरून शोधणं माझं काम. तात्या आणि सुलू रोज चारला एकमेकांशीच खेळायचे. चारशे बारा डाव झाले होते. दोन आठवडे सुलू आली नव्हती. तात्या मात्र रोज पट उघडून दहा मिनिटं वाट बघायचे आणि निघून जायचे.

"सर, हे बरं नाही."

"तू आकडे बघ."

मी बटण दाबलं. सुलूच्या नावापुढे हिरवा दिवा लागला. तात्यांनी लगेच लिहिलं, "आलीस? बरी आहेस ना?"

कॉम्प्युटरने नुसता फासा टाकला. तिसऱ्या खेपेला त्याने तात्यांची सोंगटी मारली.

तात्यांनी फासा टाकला नाही. मग अक्षरं उमटली, "सुलूने माझी सोंगटी कधीच मारली नाही. कोण आहेस तू?"

चारशे बारा डावांत मी हे मोजलंच नव्हतं.

तात्यांनी आपलं खातं बंद केलं.

"कारणाच्या रकान्यात तांत्रिक अडचण लिही," सर म्हणाले.

मी लिहिलं, "आम्ही."