वाक्यात उपयोग

मास्तरांनी मुलीला डॉक्टरीणबाईंच्या टेबलासमोर उभं केलं आणि खिशातून पुरावा काढून टेबलावर ठेवला. अर्धा खडू. त्यावर दातांच्या खुणा होत्या, आणि त्या दुधाच्या दातांच्या आहेत हे सांगायला कुणी तज्ज्ञ नको होता.

"चोरून खाते," मास्तर म्हणाले. "मी शाळेतून आणतो आणि ही खाऊन टाकते. ही सवय मोडायचं काहीतरी औषध द्या."

शाळेचे खडू घरी आणण्याला काय म्हणायचं, हे डॉक्टरीणबाईंनी विचारलं नाही. मास्तर भाषा शिकवत. म्हणी आणि वाक्प्रचार यांवर त्यांचा असा हात होता, की जेवताना मीठ मागायचं तरी एखादी म्हण पुढे करून मागत. त्यांची बायको मागे भिंतीलगतच्या बाकावर बसली होती. हल्ली कुठेही गेली की ती आधी बसायला जागा शोधायची. मास्तरांच्या मते हा निव्वळ आळस होता.

डॉक्टरीणबाईंनी मुलीची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली. मग उठल्या आणि बाकापाशी जाऊन बायकोचीही पापणी ओढली. पेशंट इकडे आहे, असं मास्तरांनी निदर्शनास आणून दिलं. त्यांच्याकडे लक्ष न देता डॉक्टरीणबाईंनी बायकोला हळूच काहीतरी विचारलं. बायकोने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग छताकडे.

"खाते ना खडू," ती म्हणाली. "ही जन्मायच्या आधीपासून खाते मी."

मास्तर गार पडले. घरी आणलेले खडू कमी भरतात म्हणून त्यांनी आजवर शाळेच्या शिपायावर संशय घेतला होता. त्या बिचाऱ्याशी बोलणंही टाकलं होतं. सवयीने तोंडातून निघालं, "खाण तशी माती."

"मातीही खाते," बायको म्हणाली. "कुंडीतली. पण खडू कसा, कुरकुरीत लागतो."

नर्सने दोघींच्या बोटांना सुई टोचली. मुलगी रडली. बायको बोटाकडे दुसऱ्या कुणाचं असल्यासारखी बघत राहिली. मास्तर आजवर रक्ताला लालभडक हेच विशेषण लावत आले होते. हा थेंब त्यांच्या तपासणीच्या पेनातल्या, संपत आलेल्या शाईसारखा दिसत होता. यंत्रावर आकडे उमटले. मुलीचं रक्त आठ, आईचं सात.

"कितीपैकी?" मास्तरांनी विचारलं.

मुलीला अकरा तरी हवं, आईला बारा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मास्तरांनी मनातल्या मनात टक्के काढले आणि त्यांना हायसं वाटलं. मुलगी चक्क पहिल्या वर्गात होती. आईही काही नापास नव्हती, असं ते बोलूनही गेले.

इथे पस्तीसला पास करत नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी कोरडेपणाने सांगितलं. मग त्यांनी नीट समजावलं. अंगात लोह कमी पडलं की रक्त कमी होतं, दम लागतो, चक्कर येते, आणि खडू-मातीची अशी ओढही लागते. बायका आणि लहान मुलं यांचं जगात जिथे जावं तिथे हेच आहे. यात लाजण्यासारखं काही नाही, पण दुर्लक्ष केलं तर जिवावर बेतेल.

"म्हणजे घरोघरी मातीच्या चुली," मास्तर म्हणाले. मातीचं नाव निघताच बायकोने आवंढा गिळला.

"चेष्टा नाही, मास्तर. रक्ताचं पाणी झालंय यांच्या."

"मी हेच सांगत होते ह्यांना," बायको म्हणाली. "लग्न झाल्यापासून सांगतेय. या घरासाठी रक्ताचं पाणी केलं मी."

"अगं, पण तो वाक्प्रचार आहे," मास्तर कळवळून म्हणाले. "रक्ताचं पाणी करणे म्हणजे अतोनात कष्ट करणे. असं कुणी खरंच करतं का?" दर वेळी तिला शाबासकी दिली होती, उपयोग अगदी अचूक होता, हेही त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातलं.

डॉक्टरीणबाईंनी मुलीला औषध दिलं, आईला गोळ्या दिल्या. गोळी चहासोबत घ्यायची नाही, शौचाला काळं झालं तर घाबरायचं नाही, बरं वाटलं तरी मध्येच सोडायचं नाही. मग घरात जेवायला कोण कधी बसतं ते विचारलं. मास्तरांनी क्रमवार सांगितलं. आधी ते स्वतः, कारण शाळा. मग त्यांची आई, मग आलं-गेलं कुणी असेल तर ते. मुलगी पेंगत पेंगत काहीतरी चिवडते. बायको सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाते, तिला भांड्याच्या तळाची खरवड फार आवडते. आवडते ना गं?

बायको भिंतीच्या चुन्याकडे एकटक बघत होती.

"यांना आधी वाढा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मास्तर वाक्याच्या पुढच्या भागाची वाट बघत राहिले. पुढे काही आलं नाही. वाक्यात ना म्हण होती, ना अलंकार. जो प्रश्न विचारल्याबद्दल ते वर्गात मुलांना बाकावर उभं करत, तोच त्यांच्या तोंडातून निघाला.

"म्हणजे?"

बायको भिंतीचा आधार घेऊन उठली. खोली स्थिर होईपर्यंत थांबली. मग तिने टेबलावरचा अर्धा खडू उचलून मास्तरांच्या खिशात ठेवला आणि मुलीचा हात धरला.

"घरी चला," ती म्हणाली. "वाक्यात उपयोग करून दाखवते."