तेहतिसावा दिवस

कबर तयार होती, मय्यत काठावर ठेवली होती आणि खाली उतरायला माणूस नव्हता. चौघांनी कबरीवर पडद्यासाठी चादर ताणून धरली होती. मे महिन्याची दुपार, पनवेलचं ऊन. धरणाऱ्यांचे हात भरून आले, पण चादर सोडायची कशी?

बाईची मय्यत कबरीत ठेवायची ती तिच्या जवळच्या नात्यातल्या पुरुषानं, असा रिवाज. जैतुनबीचा नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, भाऊ तिला कधी नव्हताच. राहता राहिला दिलावर, एकुलता एक मुलगा. आणि तो कबरस्तानाच्या फाटकाबाहेर उभा होता. आईच्या जनाज्याला त्यानं खांदासुद्धा दिला नाही. मशिदीत जनाज्याची नमाज झाली तेव्हाही हा रस्त्यावरच.

प्यायला असणार, हाजी लतीफ म्हणाले, आणि चार माना लगेच हलल्या. दिलावर साऱ्या मोहल्ल्याला माहीत होता. टेम्पो चालवायचा, पळस्प्याला माल उतरवायचा आणि तिथल्याच एका बारमध्ये जाऊन बसायचा. दोनदा त्याला गटारातून उचलून आणलेला. बायको मुलांना घेऊन माहेरी गेली ती गेलीच. अशा माणसाच्या हातात मय्यत द्यायची म्हणजे मेलेल्या बाईची विटंबना, असं सगळ्यांचं मत पडलं. लोकांचं काय हो, मत द्यायला पदरचं काही जात नाही.

मौलाना रफीउद्दीन तणतणतच फाटकाकडे निघाले. बावीस वर्षं ते या मशिदीचे इमाम. दारूचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरायचं. आज पोराला असा खडसावतो, की जन्मभर लक्षात ठेवील, असं ठरवूनच ते गेले. जवळ पोचल्यावर आधी त्यांनी वास घेतला. वास नव्हता. दिलावरच्या बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या होत्या, हात ओले होते, दाढीतून पाणी ठिबकत होतं. माणूस नमाजाआधी हात-तोंड धुतात तशी वुजू करून उभा होता.

"मग आत का येत नाहीस?" मौलानांनी विचारलं.

"आज तेहतिसावा दिवस," दिलावर म्हणाला. "अजून सात राहिलेत."

मौलानांना काही उमगेना. तेव्हा खाली मान घालून दिलावरनं सगळं सांगितलं. तुम्हीच जुम्म्याच्या बयानात सांगता ना, म्हणाला, की जो पितो त्याची नमाज चाळीस दिवस कबूल होत नाही. घर मशिदीला लागून, भोंग्यावरून आईच्या कानावर ते दर वेळी पडायचं. तिनंच बजावून ठेवलं होतं, आधी चाळीस पुरे कर, मग मशिदीत पाय ठेव, नापाक तोंड घेऊन अल्लाहच्या घरात जाऊ नकोस. एकदा तो एकोणीसपर्यंत पोचला होता, एकदा सव्वीसपर्यंत. मग कुठंतरी एक घोट जायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला आई अंथरुणाला खिळली, त्या दिवशी तिच्या पायाशी बसून त्यानं तौबा केली होती. त्यानंतर थेंब नाही. आईला चाळिसावा दिवस बघायचा होता, त्याला मशिदीत जाताना बघायचं होतं. बिचारी आज पहाटे गेली. आता नापाक असताना तिला खांदा तरी कसा द्यायचा, कबरस्तानात तरी कसं शिरायचं?

मौलानांचा राग कधीच उतरला होता. कबूल होत नाही म्हणजे पढायचीच नाही असं नसतं रे, ते कसंबसं म्हणाले, फर्ज काही सुटत नाही. मग घसा साफ करून त्यांनी उरलेलं सांगितलं.

"त्या सांगण्यात पुढंही आहे, दिलावर. त्यानं तौबा केली तर अल्लाह ती कबूल करतो. तू आईच्या पायाशी बसलास ना, त्याच दिवशी तुला आत यायला हरकत नव्हती."

हे पुढचं ते बयानात कधीच सांगत नसत. सांगितलं की लोक सोमवारी पितात आणि शुक्रवारी तौबा करतात, असं त्यांचं पक्कं मत. दहशत बसावी म्हणून पहिलं तेवढं सांगायचं आणि खाली बसायचं. त्यांच्या मते त्यांचं काम चोख चाललं होतं.

"एक घोट गेला की वाटायचं, आता चाळीस तर गेलेच," दिलावर हळूच म्हणाला. "मग आज पोटभर पिऊन घ्यावं, उद्यापासून मोजू. मौलाना, माझं सगळं तारुण्य असं गेलं."

तो आत आला तेव्हा लोक बाजूला झाले. मौलाना त्याच्याबरोबर होते ना! दिलावर कबरीत उतरला. वरून दिलेली आई त्यानं दोन्ही हातांवर घेतली. तिला खाली ठेवलं, कफनच्या गाठी सोडल्या, तोंड किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला केलं. किती हलकी झाली होती म्हातारी. तिथेच गुडघ्यांवर बसून तो हमसून हमसून रडला आणि चादर धरणाऱ्यांनी माना फिरवल्या. मग त्याला हात देऊन वर घेतलं आणि सगळ्यांनी माती दिली.

माणसं पांगल्यावर मौलानांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तुझी जनाज्याची नमाज राहिली ती आत्ता कबरीपाशी पढ, म्हणाले, विसरला असशील तर मी पुढं उभा राहतो, तू माझ्यामागं म्हण.

दिलावर हलला नाही. त्यानं रागानं विचारलं असतं तर मौलानांना सोसलं असतं. पण मदरशातलं पोर विचारतं तसं, खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं, त्यानं विचारलं,

"मौलाना, ज्याला पुढचं ठाऊक होतं आणि ज्यानं ते सांगितलं नाय, त्याची नमाज किती दिवस कबूल होत नाय?"