जावयाकडचं घड्याळ

दगडूच्या वागण्यानं हौसाक्का धुमसत होती. अंगात जीव असताना मेला वस्तू वाटायला निघाला! एचआयव्हीची गोळी नेमानं घेणारा तिचा लेक. पण छातीत गाठी सुजल्यात कळताच त्यानं कॅन्सरच आहे असं धरलं आणि आपलं घड्याळ बहिणीच्या नवऱ्याला देऊन टाकलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, "टीबीही असू शकतो. गाठीतला नमुना तपासू, मग बोलू."

आज दवाखान्यात दगडूशेजारी बसलेल्या जावयाच्या मनगटावरचं ते घड्याळ बघत ती सारखी ऊठबस करत होती.

दार उघडून डॉक्टर बाहेर आले. "मावशी, कॅन्सर नाही. टीबी आहे, औषधानं बरा होईल."

जावयाला दिलेलं परत मागायची तिच्या घरात रीत नव्हती. तरी तिनं त्यांच्यापुढं हात पसरला. त्यांनी काढून दिलेलं घड्याळ लेकाच्या मांडीवर टाकलं.

"बांध! तुझ्यापायी जावयापुढं हात पसरावा लागला. आता तुला बरं व्हायलाच लागतंय, मुडद्या!"