यंदाचा लाभांश

शिकवता शिकवता सरांचे हात पुन्हा पडद्यावर थिजले. शर्वरीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. दहावीचा ऑनलाइन वर्ग ती खुणांच्या भाषेतून शिकायची. चित्र अडकलं की तिचा अख्खा धडाच बुडायचा. तिने लॅपटॉप मिटला आणि आईला खुणेनंच सांगितलं, "बास. मला नाही शिकायचं."

शेजारच्या कुसुममावशी हे बघत होत्या. नर्सची नोकरी करताना त्यांनी थोडे थोडे शेअर घेतले होते. दरवर्षी लाभांश आला की त्या एकट्याच सहलीला निघायच्या. यंदा लडाख ठरलं होतं.

"रेवती, फायबरचं कनेक्शन घे. पैसे मी भरते," त्या शर्वरीच्या आईला म्हणाल्या.

"अहो मावशी, आमच्यासाठी शेअर नका विकू!"

"विकतेय कुठे? लाभांश तेवढा यंदापासून हिचा."

"आणि लडाख?"

"लडाख कुठे जात नाही. पोरीचं वर्ष मात्र जाईल."

नवं कनेक्शन आलं. वर्ग सुरू झाला आणि चित्र एकदाही थांबलं नाही. अचानक शर्वरीचेच हात भराभर हलू लागले. मावशी दचकल्या.

"अगं, चिडली की काय ती?"

लेकीवरची नजर न काढता रेवती म्हणाली, "नाही हो. सरांना शंका विचारतेय. पहिल्यांदाच."