टेक्सस की पेन्सिल्व्हेनिया

"टेक्ससमध्ये राज्याचा इन्कम टॅक्सच नाही," कौमुदी म्हणाली. "पेन्शन अख्खी तुमच्या हातात. आता अजून काय हवंय, वॉल्टर?"

वॉल्टरनं चष्मा कपाळावर सरकवला. "पण तिथे घरपट्टी फार."

"मग पेन्सिल्व्हेनिया. फौजी पेन्शनला तेही हात लावत नाहीत."

"तिथे थंडी. माझे गुडघे माहीत आहेत ना तुला?"

कौमुदीनं डोळे मिटून घेतले. दिवसभर प्रयोगशाळेत उभं राहून तिचे पाय भरून आले होते. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण महिनाभर जागचं हललं नव्हतं. नवरा, सत्यजित, नोकरीसाठी आठवडाभर स्टुटगार्टला. शनिवारी घरी आला की नुसता झोपायचा. त्यात तळमजल्यावरचा हा म्हातारा रोज संध्याकाळी अंगणातल्या बाकावर तिची वाट बघत बसलेला असायचा.

वॉल्टर अमेरिकन फौजेतला निवृत्त सार्जंट. जर्मनीत, कायझर्सलाउटर्नच्या तळावर त्याची बदली झाली, इथल्याच रेनाटेशी त्यानं लग्न केलं आणि मग तो इथलाच होऊन गेला. रेनाटे दोन वर्षांपूर्वी वारली. मुलगी टेक्ससला. बाबा, आता इकडे या, म्हणून ती सारखी फोन करायची. आणि हा राज्याराज्यांचे टॅक्स ताडून बघत बसला होता. कुठलं राज्य माजी सैनिकाला काय सूट देतं, कुठलं म्हाताऱ्या माणसाची घरपट्टी कमी करतं. त्याला इंटरनेट जमत नसे, म्हणून ही सगळी माहिती कौमुदीनं काढून द्यायची. व्हर्जिनियात ठरावीक रकमेपलीकडच्या पेन्शनवर टॅक्स. फ्लोरिडात टॅक्स नाही, तर वादळं. एकही राज्य त्याच्या मनात भरत नव्हतं.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला तिचे सासरे बसले होते. दत्तात्रयराव, साताऱ्याकडचे निवृत्त सुभेदार, मुलाकडे तीन महिने राहायला आलेले. दोघा म्हाताऱ्यांचं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चांगलं जमायचं.

"सांग त्याला," सासरे म्हणाले, "जखमेच्या पेन्शनवर आमच्याकडे टॅक्स नाही. पायात गोळी लागली, त्याचा एवढाच काय तो फायदा."

कौमुदीनं सांगितलं. वॉल्टर खोकेपर्यंत हसला. "मग मी साताऱ्यालाच येतो, सुभेदार!"

दोघं हसत राहिले. कौमुदीला हसू आलं नाही.

"वॉल्टर, मला खरंच वेळ नाही आता." आवाज तिला हवा होता त्याहून कडक निघाला. "थोड्याशा टॅक्सपायी मुलीला ताटकळत ठेवलंय तुम्ही. कुठलं तरी एक राज्य ठरवा आणि जा."

वॉल्टरचं हसू हळूहळू ओसरलं.

"गेनाऊ," तो जर्मनमध्ये म्हणाला. "बरोबर आहे तुझं." बाकाला धरून तो उठला आणि आत गेला.

ती आणि सासरे वर घरात आले. कौमुदीनं कुकर चढवला. मग सासरे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"पोरी, त्याला टॅक्स नाही अडवत."

"मग काय अडवतं, बाबा?"

"सकाळी मी फिरायला जातो तेव्हा तो कबरस्तानात असतो. रोज. बायकोच्या कबरीवर फुलझाडं लावलीत, त्यांना पाणी घालतो. एकदा मला म्हणाला, सुभेदार, कबर सुकली की येणारेजाणारे समजतात, हिचं कुणी उरलं नाही."

"पण बाबा, इथे माळी मिळतो की त्या कामाला. पैसे दिले की वर्षभर बघतो."

"मीही तेच म्हणालो. तर म्हणतो, रेनाटे कोण होती, ते त्या माळ्याला कुठे ठाऊक आहे?" सासरे दाराच्या चौकटीला टेकले. "आपलं त्या मानानं सोपं. तुझ्या सासूच्या अस्थी कृष्णेत सोडल्या आणि मोकळा झालो. मागे सुकण्यासारखं काही उरलं नाही. मीच घातलं असतं त्याच्या झाडांना पाणी, पण माझा व्हिसा संपत आला."

कुकरची शिट्टी झाली. कौमुदीनं गॅस बारीक केला. तिची बस रोज त्या कबरस्तानाच्या भिंतीजवळून जायची. आत कधी नजर टाकावी, असं तिला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिथेच उतरली. वॉल्टर नळापाशी झारी भरत होता. भरलेली झारी दोन्ही हातांनी धरून तो निघाला, चार पावलं चालला, थांबला, गुडघा चोळला, पुन्हा निघाला. कौमुदीनं पुढे होऊन त्याच्या हातातून झारी घेतली. काल बोलले ते विसरा, असं काहीतरी म्हणायचं तिनं बसमध्ये ठरवलं होतं. ते तोंडून निघालं नाही.

"मी रोज इथूनच जाते, वॉल्टर," ती म्हणाली. "मी घालत जाईन पाणी. या गावात आहे तोवर."

"तुझा प्रबंध?"

"तो तसाही हलत नाहीये. इथे थोडं थांबले म्हणून काही बिघडणार नाही."

वॉल्टर दगडावरच्या नावाकडे बघत राहिला. इतका वेळ, की आपण भलतंच बोलून बसलो की काय, असं कौमुदीला वाटलं. काय करावं न सुचून तिनं लाल फुलांवर झारी वाकडी केली.

तेव्हा तो कण्हत खाली वाकला. तिचं मनगट धरून त्यानं झारीचं तोंड मातीकडे वळवलं आणि फौजेत चार्ज सोपवताना बोलतात तशा आवाजात म्हणाला,

"पानांवर नको. मुळाशी घाल. तिला तसंच आवडायचं."